के-पॉप ग्रुप सातव्या वर्षीच का फुटतात?

रानजाई

परवा भाची आली होती. नववीत आहे. दिवाळीची ओवाळणी, आजोबांनी गुपचूप दिलेल्या नोटा असं करत तिने पाचेक हजार जमवलेत आणि त्यातून स्ट्रे किड्स या कोरियन ग्रुपची लाइटस्टिक (कार्यक्रमात चाहते हलवतात ती दिव्याची काठी) घ्यायचीय. घ्यायच्या आधी मला विचारते, "आत्या, हे अजून किती वर्षं एकत्र राहतील गं?" मी बँकेत काम करते. ठेवीची मुदत विचारणारे रोज भेटतात, पण असा प्रश्न काउंटरवर अजून कोणी विचारला नव्हता.

तिला शाळेतल्या मैत्रिणींनी सांगितलंय की सात वर्षं झाली की ग्रुप फुटतोच, शाप आहे म्हणे. कोरियातसुद्धा 'सैतानी सात वर्षं' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे, त्यामुळे पोरींनी अगदीच हवेतून काढलेलं नाही. आणि यादी पाहिली तर अंगावर काटा येतो खरा. ट्वेंटी-वन २००९ च्या मे महिन्यात आल्या, २०१६ च्या नोव्हेंबरात त्यांच्या वायजी कंपनीने ग्रुप संपल्याचं जाहीर केलं. फोर मिनिट २००९ ते २०१६. सिस्टार २०१० ते २०१७. मिस ए २०१० ते २०१७. मी स्वतः ट्वेंटी-वनवाली. कॉलेजात असताना हॉस्टेलच्या पीसीवर बफर होत होत बघायचे. बातमी आली तेव्हा नोकरीला लागले होते, मार्चएंडला रडले नसेन तेवढी त्या दिवशी रडले.

पण शाप वगैरे काही नाही हो. साधा करार आहे. २००९ साली टीव्हीएक्सक्यू या ग्रुपच्या पाचपैकी तिघांनी एसएम कंपनीला कोर्टात खेचलं. त्यांचा करार होता १३ वर्षांचा, आणि सक्तीची लष्करी सेवा मिळवली तर त्याहूनही लांबणारा. त्यावरून गदारोळ झाला आणि तिथल्या फेअर ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने नमुना करार काढून मुदत सात वर्षांवर आणली. म्हणजे २००९-१० मध्ये आलेल्या ग्रुपांची पहिली फळी बरोब्बर २०१६-१७ ला मुदतपूर्तीला आली. एकाच वर्षी काढलेल्या एफड्या एकाच वर्षी मॅच्युअर व्हाव्यात तसं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं साथ आलीय.

आणि एक गोष्ट भाचीला समजावताना मलाच नीट उमगली. करार 'ग्रुपचा' नसतोच. प्रत्येक पोरगा, प्रत्येक पोरगी वेगळी सही करते. नऊ जणी असतील तर नऊ सह्या. त्यातल्या दोघींना अभिनयात जायचंय, एकीला लग्न करायचंय, एकीला आपला पगार बाकीच्यांपेक्षा कमी का हे विचारायचंय. आपल्या सोसायटीत नऊ जणांची लिफ्टच्या रंगावर एकवाक्यता होत नाही. म्हणून ट्वाइसच्या नऊच्या नऊ जणींनी २०२२ मध्ये जेवायपी कंपनीशी करार पुढे चालू ठेवला किंवा सेव्हन्टीनच्या तेरा जणांनी मुदत संपायच्या वर्षभर आधीच, २०२१ मध्ये सह्या केल्या, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

तुमचं काय मत? आणि लाइटस्टिक घेऊ द्यावी का?

मिरची_भजी

तेरा जण? आमच्या भिशीत अकरा आहेत, तीन वेळा फुटली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नारायणगावकर

मला या मुलांतला एकही ओळखू येत नाही, सगळे एकाच न्हाव्याकडचे वाटतात (हलके घ्या, नात रागावेल). पण धागा वाचून एक विचारतो. हे लोक करारात अडकतात कशाने? सही केली म्हणून, की पैसे अंगावर असतात म्हणून?

विचारायचं कारण, आमच्याकडे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. लहानपणापासून बघतोय. कलावंत फडात टिकतो तो फडमालकाच्या प्रेमाने नव्हे, उचलीने. हंगामाआधी उचल घेतली, घर दुरुस्त केलं, पोरीचं लग्न केलं, की ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. फिटत आली की माणूस दुसऱ्या फडात दिसतो. तुमच्या कोरियात असं काही आहे का?

रानजाई

@नारायणगावकर, काका, अगदी नेमकं बोट ठेवलंत. तिथे उचल हातात देत नाहीत, खर्चाच्या रूपाने अंगावर चढते. पोरगी बारा-तेराव्या वर्षी ट्रेनी म्हणजे शिकाऊ म्हणून कंपनीत जाते. गाणं, नाच, भाषा, राहणं, खाणं, मग पदार्पणाच्या वेळी व्हिडिओ, कपडे, स्टुडिओ. पदार्पण झालं की कमाईतून आधी हा खर्च वळता होतो, शिल्लक राहिली तर वाटणी. काही मोठ्या कंपन्या ट्रेनीपणाचा खर्च स्वतः सोसतात, पण लहान कंपन्यांत दोन-दोन, तीन-तीन वर्षं हातात काही पडलं नाही असं सांगणारे आयडॉल (या ग्रुपांतल्या कलाकारांना तसंच म्हणतात) पुष्कळ आहेत.

म्हणजे सातातली पहिली काही वर्षं देणं फेडण्यात जातात. थोडी मिळकत सुरू होते न होते तोच मुदत संपते.

काळा_कोट

दोन दुरुस्त्या, मग पुढे.

एक. क्रम उलटा झालाय. नमुना करार जुलै २००९ च्या सुरुवातीला आला. टीव्हीएक्सक्यूच्या तिघांचा दावा त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ तारखेला दाखल झाला. त्यांच्यामुळे सात वर्षांचा नियम आला हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण तारखा जुळत नाहीत. त्या वर्षी मार्चमध्ये एका अभिनेत्रीने आत्महत्या केली होती आणि मनोरंजन कंपन्यांच्या गुलामी करारांवर देशभर ओरड चालू होती. कमिशनचं पाऊल त्या वातावरणातलं. या तिघांच्या खटल्याने मात्र नियमाला दात आले. ऑक्टोबर २००९ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश देऊन एसएमला त्यांच्या स्वतंत्र कामात आडकाठी करायला मनाई केली. मग ते जेवायजे नावाने गाऊ लागले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

दोन. 'कमिशनने मुदत सात वर्षांवर आणली' हे ऐकायला बरं वाटतं, पण हा कायदा नाही, नमुना आहे. वापरा अशी शिफारस. त्या मूळ नमुन्यातली खुबी अशी की सातहून जास्त वर्षं लिहायला बंदी नव्हती. मात्र सात पूर्ण झाली की गायक केव्हाही नोटीस देऊन बाहेर पडू शकत होता. म्हणजे दार सातव्या वर्षी उघडतं. ढकलून कोणी बाहेर काढत नाही.

शिवाय कोर्ट जिंकलं म्हणजे सगळं जिंकलं असंही नाही. जेवायजेचे तिघं नंतर वर्षानुवर्षं टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमांत दिसले नाहीत. २०१३ मध्ये फेअर ट्रेड कमिशनला एसएमला आणि तिथल्या उद्योग-संघटनेला बजावावं लागलं की यांच्या कामात अडथळे आणू नका. कागदावरचा निकाल आणि चॅनेलवाल्याचा फोन यात कोण जड, ते आपल्याकडच्या वकिलांना सांगायला नको.

रानजाई

दुरुस्ती मान्य. मीही 'सगळीकडे लिहिलेलं' वाचूनच लिहिलं होतं.

चिंचगूळ

एकत्र राहतात की फुटतात यावर सगळे बोलतायत. माझ्या मते खरा प्रश्न तो नाहीच. नाव कोणाचं, हा आहे.

बीस्ट घ्या. २००९ मध्ये क्यूब कंपनीतून आले, सात वर्षं तुफान चालले. २०१६ च्या शेवटी करार संपला, पाच जण एकत्र बाहेर पडले, स्वतःची कंपनी काढली. त्या पाचांत एकाचीही फूट नाही. पण 'बीस्ट' हे नाव क्यूबच्या मालकीचं! मग २०१७ मध्ये हेच पाच जण 'हायलाइट' नावाने पुन्हा नव्याने उभे राहिले. सात वर्षांची गाणी गायची, पण गाताना स्वतःचं जुनं नाव घ्यायचं नाही. ते नाव वापरायची परवानगी क्यूबशी बोलणी होऊन मिळाली २०२४ मध्ये. म्हणजे आणखी सात वर्षं. (आता म्हणा शाप.)

याच्या उलट इन्फिनिट. २०२३ मध्ये त्यांच्या जुन्या कंपनीच्या मालकाने ग्रुपच्या नावाचे हक्क लीडर सुंगक्यूला वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकले. फुकट. मग सहा जणांनी 'इन्फिनिट कंपनी' काढली आणि परत आले. ती बातमी मी तीनदा वाचली, कारण या धंद्यात असं वाचायची सवय नाही.

आणि माझे लाडके गॉट सेव्हन. जानेवारी २०१४ ला आले, जानेवारी २०२१ ला सातही जण जेवायपीतून बाहेर. सात जण, सात वर्षं, नावातही सात. सगळे वेगवेगळ्या कंपन्यांत गेले, लोकांनी श्रद्धांजल्या लिहून टाकल्या. पण लीडर जे बीने नावाच्या हक्कांची बोलणी केली, जेवायपीने ते दिले, आणि मे २०२२ मध्ये सातही जणांचा नवा अल्बम आला. जानेवारी २०२५ ला पुन्हा एक.

त्यातला जॅक्सन वँग २०२३ च्या जानेवारीत मुंबईत लोलापलूझा या संगीत महोत्सवाला आला होता, महालक्ष्मी रेसकोर्सवर. मी होते! शेजारी एक मुलगी जुनी हिरवी लाइटस्टिक घेऊन उभी होती, पक्ष्याच्या आकाराची, गॉट सेव्हनची. तो एकटाच गात होता, जेवायपी सोडून दोन वर्षं झालेली, आणि ही आपली ग्रुपचीच काठी हलवतेय. बॅटरी मधेच गेली तर तिने मोबाइलचा टॉर्च त्या पक्ष्याच्या पोटाला लावून धरला. म्हणून रानजाई, लाइटस्टिक घेऊ द्या.

मिरची_भजी

टॉर्चवाली मुलगी 😭 पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

दादरकर

सगळं ठीक, पण हे 'टिकणं' जरा फसवं वाटतं मला. ब्लॅकपिंकच बघा. ऑगस्ट २०२३ ला सात वर्षं झाली, चार महिने कंपनी गप्प, मधे कोणीतरी पुडी सोडली आणि वायजीचा शेअर आपटला. डिसेंबरात जाहीर झालं की ग्रुप म्हणून करार चालू. वैयक्तिक करार मात्र नाहीत. जेनी, लिसा आणि जिसूच्या आपापल्या कंपन्या, रोझे चौथीकडे. चौघी वर्षभर आपापलं काम करणार, आणि अधूनमधून ग्रुपच्या नावाने दौरा. याला एकत्र राहणं म्हणायचं की दिवाळीला सगळे भाऊ वाड्यावर जमतात तसं?

रानजाई

@दादरकर, दिवाळीला जमतात तेही काही वाईट नाही. वाडा विकला नाही हे महत्त्वाचं. :)

मला उलट ही तोड शहाणपणाची वाटते. पूर्वी एकच गाठ होती, ती सुटली की सगळंच सुटायचं. आता ग्रुपची गाठ वेगळी आणि माणसाची वेगळी. शायनीचंही तसंच. २०२४ मध्ये ओन्यू आणि तेमिन यांनी स्वतःच्या कामासाठी एसएम सोडली, ग्रुपचं काम एसएमकडेच राहिलं. गर्ल्स जनरेशनच्या तिघी तर २०१७ मध्येच बाहेर पडल्या होत्या. तरी २०२२ मध्ये पंधराव्या वर्षी आठही जणींनी अल्बम केला.

आणि बीटीएसचं गणित आणखी वेगळं. त्यांनी २०१८ मध्येच, मुदत संपायच्या बऱ्याच आधी, सात वर्षं वाढवून घेतली. मग २०२० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा मालकाने सातही जणांना प्रत्येकी ६८,३८५ शेअर दिले. बँकवाली म्हणून सांगते, नोकराला भागीदार केलं की तो राजीनामा देताना दहादा विचार करतो. २०२३ मध्ये, अर्धे जण अजून लष्करात जायचे होते तेव्हा, करार पुन्हा वाढवला. सगळे परतले जून २०२५ ला.

काळा_कोट

मुलांच्या ग्रुपांत ही लष्कराची गोष्ट विसरू नका. भूदलात १८ महिने. सगळे एकदम गेले तर दीड वर्ष दुकान बंद, एकामागून एक गेले तर अर्धं दुकान चार-पाच वर्षं उघडं. मुलींना हा प्रश्न नाही, तरी जास्त ग्रुप त्यांचेच फुटतात असं दिसतं. त्याला कारण वेगळं आहे, पंचविशी ओलांडलेल्या बाईला 'गर्ल ग्रुप' म्हणून विकायला कंपन्या तयार नसतात.

सोलापुरी_चादर

तुम्ही सगळे वरच्या दहा नावांवर बोलताय. सातव्या वर्षापर्यंत पोचणंच किती जणांच्या नशिबी असतं? दरवर्षी डझनांनी ग्रुप येतात, दोन गाणी होतात, आणि नंतर कंपनीच्या पानावर काहीच येत नाही. फुटल्याची घोषणासुद्धा नाही. त्यांना शाप लागायलाही वेळ मिळत नाही.

ब्रेव्ह गर्ल्स २०११ पासून होत्या, मूळच्या मुली निघून गेल्या, नव्या आल्या. २०१७ चं 'रोलिन' आपटलं. २०२१ च्या सुरुवातीला चौघी सामान आवरून गाशा गुंडाळायच्या बेतात होत्या, तेवढ्यात लष्करी छावण्यांत जवानांसमोर त्यांनी केलेल्या कार्यक्रमांची जोडचित्रफीत कुणीतरी टाकली. जवान त्या गाण्यावर वेडे होऊन नाचतायत. चार वर्षं जुनं गाणं थेट पहिल्या नंबरला! आणि पुढे? फेब्रुवारी २०२३ ला करार संपला, कंपनी सोडली, दुसरीकडे गेल्या त्या बीबी गर्ल्स नावाने. परत तेच. नाव. चिंचगूळ यांच्याशी सहमत.

चिंचगूळ

+१. 'रोलिन'ची गोष्ट मी विसरलेच होते.

गोड_शिरा

न्यूजीन्सवर कोणीच बोलत नाहीये?? त्यांनी तर सात वर्षं थांबलंच नाही. नोव्हेंबर २०२४ ला करार संपला म्हणून स्वतःच जाहीर केलं. कंपनी चूक होती. पोरींना छळलं.

काळा_कोट

जाहीर केल्याने करार संपत नसतो. कोर्टाने आधी मार्च २०२५ मध्ये स्वतंत्र काम करायला मनाई केली, मग ऑक्टोबरात करार वैध असल्याचा निकाल दिला. मुदत २०२९ पर्यंत. नोव्हेंबरात त्या परत जाणार असल्याच्या बातम्या आल्या. टीव्हीएक्सक्यूच्या वेळी कोर्ट गायकांच्या बाजूने झुकलं कारण समोर १३ वर्षांचा करार होता. आता समोर सात वर्षांचा नमुनाबरहुकूम करार असतो. गायकांच्या भल्यासाठी केलेला कागद कंपनीच्याही कामाला येतो.

गोड_शिरा

म्हणजे तुम्ही कंपनीच्या बाजूचे.

संपादक_मंडळ

न्यूजीन्ससाठी वेगळा धागा आहे, तिथे आधीच ३०० प्रतिसाद आहेत. तिकडे जावे.

हान_नदीकाठी

उशिरा बघितला धागा. मी पुण्याचा, कामानिमित्त चार वर्षं सोलजवळ राहतोय. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण एक सांगतो.

आमच्या ऑफिसात एक बाई आहेत, चाळिशी उलटलेल्या, हिशेब विभागात. कडक. त्यांच्यासमोर बिल ठेवायला मी घाबरतो. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात एक केशरी रेनकोट घडी करून ठेवलेला आहे. एकदा पावसात मी छत्रीशिवाय अडकलो तेव्हा खण उघडून दुसरं काहीतरी शोधून दिलं, पण तो दिला नाही. नंतर कळलं, शिनह्वा या जुन्या ग्रुपच्या कार्यक्रमाचा आहे. केशरी हा त्यांच्या चाहत्यांचा रंग. एचओटीचा पांढरा, सेक्स किसचा पिवळा, यांचा केशरी. नव्वदीत या रंगांवरून शाळांत मारामाऱ्या व्हायच्या म्हणे.

शिनह्वा मार्च १९९८ चे. एसएमचेच. त्यांच्या दोन वर्षं आधी आलेल्या एचओटीमध्ये २००१ साली पाचपैकी तिघांनी कंपनी सोडली आणि ग्रुप संपला. शिनह्वाची वेळ २००३ ला आली, तेव्हा सहाही जण एकदम उठून बाहेर गेले. बाईंच्या मते सगळं रहस्य एवढंच आहे. एकदम उठले. नंतर चार वर्षं लष्करापायी सगळं बंद, २०१२ ला परत आले, तेही स्वतःची कंपनी काढून. आणि नावाचा वाद तिथेही! ते हक्क हातोहात फिरत गेले, यांच्या ताब्यात आले २०१५ मध्ये. 'शिनह्वा' हे नाव शिनह्वाचं व्हायला सतरा वर्षं लागली. त्या बाई हे सांगताना पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या.

नारायणगावकर

@हान_नदीकाठी, तुमच्या बाईंना नमस्कार सांगा. फडांचंही हेच. जुन्या फडाच्या नावावर सुपारी मिळते, वगनाट्य नंतर. मालक गेला की भाऊ-पुतणे आधी नावाच्या पाटीवरून भांडतात, ढोलकी कोण नेतो ते कोणी बघत नाही.

नातीला हा धागा वाचायला दिला. ती म्हणते मी सेक्स किस हे नाव मोठ्याने वाचू नये. का ते सांगत नाही.

मिरची_भजी

काका 😂😂 जर्मन आहे ते, सहा स्फटिक अशा अर्थाने ठेवलेलं.

दादरकर

हे मान्य करतो की एकदम उठणं हा मुद्दा मला सुचला नव्हता. पण एकदम उठायला आधी एकमेकांशी बोलणं चालू असावं लागतं. जीफ्रेंडच्या वेळी २०२१ ला कंपनीने निवेदन काढलं आणि चार दिवसांनी करार संपलासुद्धा. सहा वर्षं काही महिने, सातही नाहीत. २०२५ च्या जानेवारीत दहाव्या वाढदिवसाला त्याच कंपनीत परत आल्या, म्हणजे भांडण होतं असंही म्हणता येत नाही. चाहत्यांना मधली साडेतीन वर्षं कोणी काही सांगितलं नाही, एवढंच.

रानजाई

त्या चार दिवसांत इंटरनेटवर जे झालं ते आठवतंय. आमच्या ट्वेंटी-वनचंही असंच. २०१६ ला संपलं, २०२२ ला अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात अचानक चौघी एका स्टेजवर, आणि २०२४ ला पंधराव्या वर्षी पूर्ण दौरा. मला विचाराल तर 'फुटला' हा शब्दच जरा घाईचा आहे.

भाचीचं सांगायचं राहिलं. स्ट्रे किड्सच्या आठही जणांनी जुलै २०२४ मध्येच करार वाढवलाय, हे मी तिला छातीठोकपणे सांगितलं. ती म्हणाली, "ते मला माहितीये गं, पण त्याच्या पुढे?" लाइटस्टिक मागवलीय. माझ्या भावाचं म्हणणं, एवढ्या पैशात मिक्सर आला असता.

चिंचगूळ

तिला सांगा, वापरून झाली की दर वेळी सेल काढून ठेवायचे. माझ्याकडे आयझोन या ग्रुपची आहे. त्यांची मुदत मुळात अडीच वर्षंच होती, एप्रिल २०२१ ला संपली. मी तेव्हा रागाने काठी तशीच माळ्यावर टाकली. गेल्या साली काढली तर तिन्ही पेन्सिल सेल गळून स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या. व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने घासल्या. दोन रंग लागतात, गुलाबी लागत नाही.